देऊळ उभे, गाव रिते

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील धर्मापुरी हे बालाघाटाच्या पठारावर वसलेले गाव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे मंदिर आजही तेथे उभे आहे. त्याच्या बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे पाहून अभ्यासक थक्क होतात. गावातील किल्ल्याच्या तटातही देवळांचे कोरीव दगड चिणलेले आढळतात. हे वैभव उभारणारे गाव कंगाल असणे शक्य नव्हते. त्या काळच्या शिलालेखांतून मंदिरांना दिलेल्या जमिनी, पेठेतील जकात, तेलघाण्यांवरील वाटा आणि तळी यांचे उल्लेख येतात. मंदिर हे केवळ पूजास्थान नव्हते. शेती, पाणी, व्यापार आणि कारागिरी यांना एकत्र बांधणारी ती संस्था होती. देवळाचा शिल्पकार, तेली, कोष्टी, विद्वान या सर्वांना पोसण्याची ताकद त्या भूमीत होती.

भूमी तीच आहे. मग दिवाळी सरली की या परिसरातील घरांना कुलपे का लागतात?

उत्तराचा आरंभ भूगोलात आहे. बालाघाट हा गोदावरी आणि मांजरा यांच्यातील जलविभाजक. पठारावर पडलेला पाऊस उत्तरेला गोदावरीकडे किंवा दक्षिणेला मांजरेकडे उतरतो. खाली मोठी धरणे झाली, परंतु धरणाचे पाणी आपणहून पठारावर चढत नाही. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने पिके आणि माती वाहून गेली. दुष्काळ आणि पूर ही दोन वेगळी संकटे वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. पडलेले पाणी जेथे पडते तेथे अडविण्याची व्यवस्था मोडली आहे.

दुसरे कारण अर्थव्यवस्थेचे. ज्वारी, करडई, डाळी अशी मिश्र शेती मागे पडली आणि सोयाबीनने शिवार व्यापले. एकाच पिकावर भिस्त ठेवणारा शेतकरी पाऊस आणि बाजार या दोघांचाही ओलीस बनतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण मराठवाड्यातील बाजारांत त्याहून खाली दर उतरले. शिवाय तेल, डाळ, पेंड या सर्वांवरचा नफा प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो. गावाच्या वाट्याला कच्चा माल पिकविण्याचे कष्ट तेवढे उरतात. पूर्वी घाणा गावात होता, आता गावच घाण्याला जुंपले गेले आहे.

जे शेतीत भागत नाही, ते मुकादमाच्या उचलीतून भागवावे लागते. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. एका कुटुंबाची ओळख एका अवजाराच्या नावाने व्हावी, याहून विदारक भाष्य कोणते? या व्यवस्थेचे सर्वांत भीषण रूप २०१९ मध्ये समोर आले. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. मातृशक्तीचे गुणगान करणाऱ्या समाजाने हा आकडा वाचून मान खाली घालावी, असाच तो आहे.

कै. गोपीनाथराव मुंडे यांचे नाथ्रा हे याच तालुक्यातील गाव. ऊसतोड मजुरांच्या मजुरीसाठी ते आयुष्यभर झगडले आणि त्यांच्या नावाने मजुरांसाठी कल्याण महामंडळही स्थापन झाले. हे आवश्यकच होते. परंतु कोयत्याचा दर वाढविणे आणि कोयत्याची गरज संपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सरकारच्या आणि संघटनांच्या हातची, तर दुसरी गावाच्या.

गावाच्या हाती काहीच नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले. त्यांत जलसंधारण, लघु सिंचन आणि ग्रामोद्योगही आहेत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला. तरीही ग्रामसभा ओस पडते, कारण हंगामात ग्रामसभेला बसणारा माणूसच फडात असतो. स्थलांतर केवळ घर रिकामे करीत नाही, ते स्वशासनही पोखरते.

मार्ग नाही असे नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्याचा व्यवहार मराठवाड्याचेच सुपुत्र नानाजी देशमुख यांनी करून दाखविला. त्यांच्या दीनदयाळ शोध संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्र अंबाजोगाई तालुक्यातच, डिघोळअंब्याला आहे. म्हणजे शास्त्रीय मार्गदर्शन धर्मापुरीच्या उंबरठ्यावर आहे. माथा ते पायथा पाणी अडविणे, ज्वारी-करडई-डाळींची फेरपालट, गावातच घाणा आणि डाळमिल यांत अशक्य असे काहीच नाही. परळीच्या वैजनाथाला आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीला येणारा भाविक केदारेश्वरापर्यंत आणता आला, तर मंदिर पुन्हा चार घरांच्या चुली पेटवील.

मात्र यासाठी माणूस लागतो. नानाजींनी चित्रकूट परिसरात 'समाजशिल्पी दाम्पत्य' ही कल्पना राबविली. सुशिक्षित पती-पत्नी खेड्यात राहून गावकऱ्यांना स्वावलंबनासाठी उभे करीत. एकीकडे गाव सोडणारे 'कोयता' जोडपे आणि दुसरीकडे गावात येऊन राहणारे समाजशिल्पी जोडपे. मराठवाड्याचे भवितव्य या दोन जोडप्यांतील कोणाची संख्या वाढते, यावर ठरेल. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आणि वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबांपुढे हा प्रश्न आहे. केदारेश्वराच्या शिल्पांची छायाचित्रे घरात लावणे सोपे आहे. त्या देवळासमोरच्या घराचे कुलूप उघडण्यास हात लावणे, हीच त्या वारशाची खरी पूजा होय.