सुकलेल्या फुलाचे अमरत्व

फूल म्हटले की त्याच्या पाठोपाठ आपल्याला निर्माल्य आठवते. सकाळी देवाला वाहिलेले जास्वंद संध्याकाळी मान टाकते, दुसऱ्या दिवशी ते उतरवून तुळशीच्या मुळाशी ठेवले जाते आणि त्याबद्दल घरात कोणाला वाईट वाटत नाही. कोमेजणे हा फुलाचा धर्मच, असे आपण मानत आलो आहोत. त्यामुळे जगाच्या पाठीवर असेही एक फूल आहे, की जे खुडून वर्षभर ठेवले तरी रंग सोडत नाही, असे कोणी सांगितले तर प्रथम कौतुक वाटते. हे कौतुक तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्राच्या वाटेला का जावे, असे काही मित्र विचारतील. त्यांना विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा, मग खुशाल भांडावे.

हे फूल ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजीत त्याला 'एव्हरलास्टिंग डेझी' म्हणतात, म्हणजे कायम टिकणारे. आपल्याकडेही हौशी लोक हिवाळ्यात ते कुंड्यांत लावतात. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातली ही प्रजाती. तिचे आजचे शास्त्रीय नाव झेरोक्रायसम. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडे आणि 'क्रिसॉस' म्हणजे सोने. कोरडे सोने! नाव ठेवणाऱ्याने झाडाकडे नीट पाहिले होते, हे कबूल केले पाहिजे.

या प्रजातीत अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचे घर वेगळे आहे. सर्वांत परिचित ती झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम. ती रस्त्याच्या कडेला, गवताळ माळावर, विरळ रानात ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत उगवते. बागांतून जगभर पोचली तीही हीच. विस्कोसम जातीची पाने हाताला चिकटतात. ती आग्नेय भागातल्या कोरड्या रानात राहते. सबअंड्युलेटम जात जेथे हिवाळ्यात बर्फ पडते अशा उंच डोंगरांवर आढळते आणि तिचे फूल नारिंगी झाक असलेले असते. मॅक्रॅन्थम पश्चिमेकडची, मोठ्या पांढऱ्या फुलांची. बायकलर टास्मानिया बेटाच्या किनाऱ्याची. आणि पॅलुस्ट्रे ही चक्क दलदलीतली. तिच्याकडे पुढे यायचे आहे. एकाच कुटुंबातली भावंडे एक शेतात, एक गिरणीत, एक फौजेत, एक बंदरावर असावीत, तशी ही मंडळी विखुरली आहेत.

आता त्या न कोमेजण्याचे रहस्य पाहू. आपण ज्यांना या फुलाच्या पाकळ्या म्हणतो, त्या पाकळ्या नाहीतच. बोगनवेल आठवावी. तिच्यावर जो जांभळा-गुलाबी कागदी बहर दिसतो तो फुलाचा नसून फुलाभोवतीच्या रंगीत पानांचा असतो, आणि खरे फूल म्हणजे मधली बारीक पांढुरकी नळी. या रंगीत पानांना शास्त्रात 'छद' म्हणतात. झेरोक्रायसममध्येही छदांच्या ओळीवर ओळी रचलेल्या असतात आणि मधोमध शेकडो चिमुकली पिवळी फुले दाटीने बसलेली असतात. झेंडूप्रमाणे हे एक फूल नसून फुलांची सभा आहे, आणि भोवतीचे छद म्हणजे त्या सभेचा मंडप.

हे छद झाडावर असतानाच कोरडे असतात. त्यांत पाणी जवळजवळ नसते, त्यांच्या पेशी मेलेल्या असतात. ज्यात ओलावाच नाही ते कोमेजणार कसे? हवा दमट झाली किंवा पाऊस आला की हे छद मिटतात आणि ऊन पडले की उघडतात. पाहणाऱ्याला वाटते, फूल जागे झाले. पण ही हालचाल जिवंतपणाची नव्हे. पावसाळ्यात दाराची फळी फुगते आणि उन्हाळ्यात पूर्ववत होते, त्यातलाच हा प्रकार. वाळवून ठेवलेले जुने फूलही पाण्याचा शिडकावा केला की मिटते. म्हणजे अमर म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो भाग मुळात जगतच नव्हता. जगत होती ती मधली पिवळी फुले. त्यांच्याकडे कीटक येतात, त्यांचे बी धरते आणि प्रत्येक बियाच्या डोक्यावर केसांचा झुबका येऊन ते वाऱ्यावर जाते. ती फुले आपल्या जास्वंदीइतकीच नाशवंत आहेत.

युरोपला या फुलाची ओळख कशी झाली, तेही मनोरंजक आहे. 1803 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना याने नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या मालमेझाँ येथील बागेतील वनस्पतींवर जो ग्रंथ सुरू केला, त्यात या फुलाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. ऑस्ट्रेलियाच्या माळावरच्या झाडाची नोंद झाली ती पॅरिसजवळच्या राजेशाही बागेत! त्याने नाव दिले झेरॅन्थिमम, म्हणजे कोरडे फूल. 1805 मध्ये अँड्र्यूज या इंग्रजाने त्याला हेलिक्रायसम प्रजातीत घातले. सूर्याचे सोने, असा त्या नावाचा अर्थ. हे नाव पावणेदोनशेहून अधिक वर्षे चालले. मग 1990 मध्ये त्स्वेलेव्ह या रशियन शास्त्रज्ञाने झेरोक्रायसम हे नाव दिले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी ब्रॅक्टिअँथा असे वेगळेच नाव सुचवले आणि काही काळ तेही बागांतून रुळले. शेवटी जे आधी छापले गेले ते खरे, या नियमाने 2001 मध्ये झेरोक्रायसम कायम झाले. त्यानंतरही अभ्यास थांबलेला नाही. अलीकडे, 2020 नंतर, एकाच नावाखाली दडलेल्या आणखी काही जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या आहेत. मात्र या सगळ्या भांडणात ग्रीक आहे, लॅटिन आहे. त्या माळावर हजारो वर्षे वावरलेल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला एकही शब्द या चारही नावांत नाही.

1850 च्या सुमारास जर्मनीत या झाडाची पैदास सुरू झाली आणि लाल, गुलाबी, पांढरी, तपकिरी अशी रंगांची रेलचेल झाली. युरोपातील थंडीत ताजी फुले दुर्मिळ, म्हणून वाळलेली फुले फुलदाणीत ठेवण्याची चाल पडली. फ्रान्समध्ये अशा न सुकणाऱ्या फुलांना 'इमॉर्तेल' म्हणजे अमर म्हणत आणि त्यांची चक्रे थडग्यांवर ठेवत.

हे फूल वाळवण्याची एक रीत आहे, आणि माझ्या म्हणण्याचे मूळ त्या रीतीत आहे. फूल पूर्ण उमलू देत नाहीत. कळी नुकती उघडू लागली, छदांच्या एकदोन ओळीच मोकळ्या झाल्या, की ते कापायचे आणि सावलीत, वाऱ्यावर, उलटे टांगून ठेवायचे. पूर्ण उमलू दिले तर मधल्या फुलांचे बी तयार होते, केस फुटतात, मधला भाग विस्कटतो आणि शोभा जाते. म्हणजे फूल अमर करायचे तर त्याला बी धरण्यापूर्वी कापले पाहिजे. जे फूल फुलदाणीत वर्षानुवर्षे राहते त्याला संतती नसते. ज्याचा पसारा विस्कटून वाऱ्यावर गेला, त्याचे झाड पुढच्या वर्षी माळावर असते.

आता दलदलीतल्या जातीकडे वळू. झेरोक्रायसम पॅलुस्ट्रे ही ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात आणि टास्मानियात पाणथळ जागी वाढते. जमिनीखालच्या खोडाने पसरते, उन्हाळ्यात पिवळी फुले देते. पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूत तिकडेही होतीच. चर खणून पाणी काढले, शेती केली, गुरे सोडली, परके तण माजले आणि तिच्या जागा आक्रसत गेल्या. आज ही जात तेथील राष्ट्रीय कायद्यान्वये धोक्यातील जातींच्या यादीत आहे. 'कायम टिकणारे' असे आडनाव लावणाऱ्या फुलाचे नाव नष्ट होऊ शकणाऱ्यांच्या यादीत! वाचताना मला हसू आले नाही. एखाद्या गोष्टीला अमर म्हटले की तिची काळजी घेण्याची गरज उरली नाही असे आपण मनोमन धरतो, असे माझे मत आहे. फुलदाणीतले फूल टिकेल हो, पण त्यासाठी पाणथळ जागा लागत नाही. जिवंत झाडाला ती लागते.

मित्रहो, हे सारे मी येथे का लिहीत आहे? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या शेतात पावसाळ्यात कुर्डू उगवते. त्याचे रुपेरी-गुलाबी तुरेही कागदासारखे कोरडे असतात आणि वाळल्यावरही बरेच दिवस तसेच राहतात. ते ज्या कुळात मोडते त्याचे शास्त्रीय नाव ॲमॅरँथ या ग्रीक शब्दावरून आले आहे, त्याचाही अर्थ न कोमेजणारे. आजीला ग्रीक येत नाही. कोवळे असताना ती त्याची भाजी करते, बाकीचे आई खुरपते, आणि उरलेसुरले बांधावर बी टाकून पुढच्या आषाढात पुन्हा हजर होते. त्याला कोणी अमर म्हणत नाही. खुरपून आई दमते, कुर्डू दमत नाही.

आजीची बोलीही अशीच आहे, आणि ती मी घेऊन येथे आलो. येथे मला दोन अनुभव आले. स्नेहसंमेलनात लोकगीतांचा कार्यक्रम असतो. नऊवारी, फेटे, कमरेला घुंगरू असा सगळा थाट असतो. 'गावाकडच्या' भाषेतले संवाद असतात आणि टाळ्यांनी मंडप दणाणतो. आणि वर्गात उत्तर देताना एखाद्याच्या तोंडून 'व्हतं' किंवा 'न्हाई' निघाले, तर मागच्या बाकावरून हसू ऐकू येते. ते हसू ऐकून दुसऱ्या वेळी हात वर न करणारे कितीजण असतील! जी बोली रंगमंचावर संस्कृती असते ती वर्गात अडाणीपणा कशी ठरते? मला वाटते, रंगमंचावर आपण ती कळी असताना कापून उलटी टांगलेली असते. तिचा रंग टिकतो, पण बी धरत नाही. बी धरायचे तर तिच्यात प्रश्न विचारता आला पाहिजे, वाद घालता आला पाहिजे, परीक्षेच्या धसक्याविषयी आणि प्लेटोविषयीही बोलता आले पाहिजे.

यावर काहीजण म्हणतील, जतन करणे वाईट कसे? मुळीच वाईट नाही. वनस्पतिसंग्रहातले दाबून वाळवलेले नमुने नसते तर कोणती जात कोणती, हे शास्त्रज्ञांना कळलेच नसते. आपल्याकडे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ते काम झाले नसते तर आपण केवढ्या धनाला मुकलो असतो! परंतु संग्रह हा झाडाचा पुरावा असतो, झाड नव्हे, हे चांगला संग्राहक कधी विसरत नाही. विसरतो ते आपण. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आनंद मलाही झाला. पण त्या दर्जाने आपली भाषा आपोआप अमर झाली असे मानून आपण स्वस्थ बसलो, तर पाणथळ बुजवून फुलदाणी सजवल्यासारखे होईल.

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थिमित्रांना माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, चर्चेच्या तासाला ज्याला ज्या बोलीत उत्तर द्यायचे असेल त्या बोलीत देऊ द्यावे. लेखी परीक्षेची प्रमाणभाषा आम्ही शिकूच, ती शिकायलाच आलो आहोत. दोन, या वार्षिक अंकात दरवर्षी काही पाने बोलीतल्या लेखनासाठी ठेवावीत, आणि त्यांत नुसते विनोद आणि गमतीदार म्हणी नकोत. विचार हवेत, तक्रारीही हव्यात. तीन, सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावच्या गवतांची, फुलांची, अवजारांची पन्नास नावे घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावीत, आणि ती वहीत न ठेवता मित्रांशी बोलताना वापरावीत. मी माझी यादी सुरू केली आहे. आजीने पहिल्याच दिवशी बत्तीस नावे सांगितली आणि 'एवढंच शिकायला कालेजात घातलं व्हय?' असेही विचारले. तिला अजून उत्तर दिलेले नाही.

— द्वितीय वर्ष, कला