रीमा लागूंचं वय

रीमा लागूंचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: हिंदी पडद्यावरची प्रेमळ आई. ही ओळख कौतुकानं दिली जाते, पण तिच्याआड एका मोठ्या अभिनेत्रीचं झालेलं नुकसान झाकलं जातं. नुसती जन्मवर्षं ताडून पाहा. रीमाताईंचा जन्म १९५८चा. १९८८च्या 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुही चावलाची आई झाल्या, तेव्हा त्यांनी जेमतेम तिशी गाठली होती. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये मुलगा झालेला सलमान खान त्यांच्याहून अवघा सात वर्षांनी लहान. १९९९च्या 'वास्तव'मध्ये तर संजय दत्त आणि त्यांच्यात एका वर्षाचं अंतर. चाळिशीला आलेला नट नायकच राहिला आणि त्याच्या बरोबरीची नटी त्याची आई झाली. चरित्र अभिनेत्रीचं पडद्यावरचं वय नायकाच्या सोयीनं ठरतं, ते असं.

त्यांच्यात दुसरं काही करायची ताकद नव्हती म्हणावं, तर मराठी रंगभूमी साक्षीला आहे. मंदाकिनी भडभडे यांच्यासारख्या अभिनेत्रीची ही मुलगी. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये अत्याचारानंतर पेटून उठणारी अंबिका त्यांनी उभी केली. 'सविता दामोदर परांजपे'चा सारा डोलारा त्यांच्याच खांद्यावर होता. अरुणा राजे यांच्या 'रिहाई' या चित्रपटात, पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या गावात मागे राहिलेल्या बायकांच्या शरीराची भूक त्यांनी न लाजता दाखवली. तिथून त्यांना पूजेचं ताट घेऊन नायकाची वाट पाहायला उभं केलं गेलं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की याच भूमिकांनी त्यांना देशभर ओळख दिली आणि त्यांनी त्या स्वखुशीनं केल्या. ते खरंच आहे; त्या कामाला मी हलकं लेखत नाही. 'वास्तव'च्या शेवटी मुक्ती मागणाऱ्या पोटच्या पोरावर गोळी झाडणारी शांता आठवा. माया, भीती आणि निर्धार एकाच चेहऱ्यावर, आणि आवाज चढवण्याची गरजच नाही. पण समोर आलेल्यातून निवडणं वेगळं आणि हवं ते समोर येणं वेगळं. या चेहऱ्याला जे पेलत होतं, त्याचा फार थोडा भाग त्यांच्यासाठी लिहिला गेला.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या नावावर खपवला जातो: लोकांना आईच हवी असते. त्याला दूरदर्शननं १९९४ सालीच उत्तर दिलं. त्या वर्षी 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरी दीक्षितची आई झालेल्या रीमाताई 'श्रीमान श्रीमती'त कोकिळा कुलकर्णी होत्या: शेजारणीवर लट्टू झालेल्या नवऱ्याला पुरून उरणारी, खुद्द शेजाऱ्यालाच भुरळ घालणारी, भरल्या संसारातली मिश्कील बाई. 'तू तू मैं मैं'मध्ये सुप्रिया पिळगांवकरांच्या सुनेशी त्या शब्दाला शब्द लावून भांडल्या. टायमिंग अचूक, आणि विनोद माणसाच्या स्वभावातून येणारा. ते पाहून पोट धरून हसणारा प्रेक्षक चित्रपटगृहातला तोच होता. कल्पनाशक्ती आटली होती ती लिहिणाऱ्यांची आणि पैसा लावणाऱ्यांची.

फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत त्यांचं नाव चारदा आलं. पुरस्कार एकदाही मिळाला नाही. तो सल मला तितकासा मोठा वाटत नाही. चाळिशीतल्या अभिनेत्रींना आपल्या मालिका आजही नायकाच्या आईच्या साड्या नेसवून सोफ्यावर बसवतात, हे जास्त खुपतं. वाहिन्यांनी आणि लेखकांनी या बायकांना नोकरी, मैत्री, राग, प्रेम असं स्वतःचं काही लिहून द्यावं. ते निभावणाऱ्या अभिनेत्री मराठीत आजही भरपूर आहेत.