खारट सरबत आणि शोधयंत्र

मागील वैशाखांत नागपुराकडील एका गृहिणीचें खरमरीत पत्र आमच्या भाचीस आलें. पत्र म्हणजे अलीकडील रीतीप्रमाणें भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर. परंतु त्याचा खरमरीतपणा जुन्या कार्डाहून रतिभरहि कमी नव्हता. बाईंनीं कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या मागविल्या होत्या. मुलाच्या मुंजीस आलेल्या पाहुण्यांकरितां त्यांनीं आगळांत पाणी व साखर मिसळून पेले भरले, आणि पहिल्याच घोटास पाहुण्यांचीं तोंडें वाकडीं झालीं. "सरबत म्हणून मिठाचें पाणी विकतां काय ?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. भाचीनें पैसे परत केले, क्षमा मागितली, आणि तो मजकूर आम्हांकडे धाडून खालीं एवढेंच लिहिलें : "मामा, पान तुम्ही लिहिलेलें आहे. आगळांत मीठ असतें असें त्यांत कोठें म्हटलें आहे तें मला सांपडत नाहीं."

आम्हांसहि सांपडलें नाहीं.

हकीकत थोडी मागून सांगितली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें, त्यांत भाचीच्या यजमानांचें दुकान मालासकट गेलें. घरांत होत असलेलेच जिन्नस, आगळ, आमसुलें, फणसपोळी, कुळथाचें पीठ, मेतकूट, विकावे असें मग ठरलें. गिऱ्हाईक मात्र पुण्यामुंबईस आणि त्याहूनहि दूर; म्हणून संकेतस्थळ काढलें. त्यांतला मजकूर कोणीं लिहावा ? घराण्यांत मास्तर एकच. आमच्याकडे काम आलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस त्याचा अभिमानच वाटला.

आम्हीं परशुरामापासून आरंभ केला. त्यानें समुद्र मागें हटविला, मग सह्याद्रि, मग माड-पोफळी, आणि चौथ्या परिच्छेदांत एकदांचें आगळ. तेंहि आगळ या नांवानें नव्हे, तर "रक्तवर्ण अमृतरस" या विशेषणाच्या आड. शाळेंत असतों तर या निबंधास आम्हींच पहिला नंबर दिला असता. परंतु कोंकणांत साखर घालून केलेल्या कोकमाच्या सरबतास "अमृतकोकम" म्हणतात. आम्हीं अमृत म्हटलें, बाईंनीं तें प्रमाण मानलें. त्यांत त्यांची चूक काय?

बाईंच्या आधीं मात्र त्या पानाकडे फारसें कोणी फिरकतहि नव्हतें. दिवसाकाठीं पांच-सात माणसें येत, आणि त्यांत निम्मीं घरचींच. तेव्हां कोणीं तरी सुचविल्यावरून एका गृहस्थांस गांठलें. "दोन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक, हमखास" असें त्यांचें वचन, आणि मोबदला आठ हजार रुपये. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनांत स्पष्ट म्हटलेलें आहे कीं, पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाहि देतां येत नाहीं. परंतु तें आम्हीं वाचलें तें पैसे गेल्यावर.

हीं शोधयंत्रें कशीं चालतात हें आमच्यासारख्या जुन्या माणसांस सर्वानुक्रमणीवरून लवकर उमगतें. ऋग्वेदाचीं सूक्तें हजाराहून अधिक. त्यांतून हवें तें काढावयाचें कसें? कात्यायनानें प्रत्येक सूक्ताचे आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता आणि छंद यांची यादी करून ठेविली. शोधयंत्रहि असेंच, पानें आधीं वाचून कोणता शब्द कोठें आहे याची अनुक्रमणी तयार ठेवतें. आपण विचारतांच तें सारें जग धुंडाळूं लागत नाहीं, तर ही अनुक्रमणी उघडतें. खरी पंचाईत त्यापुढें आहे. एकाच शब्दाचीं लक्षावधि पानें निघालीं तर वर कोणतें ठेवावें ? आरंभींच्या शोधयंत्रांचा भर शब्द किती वेळां आला यावर फार असे. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून निराळी कसोटी मांडली : ज्या पानाचा हवाला इतर पुष्कळ पानें देतात तें वजनदार, आणि हवाला देणारें पान स्वतः जितकें वजनदार तितकें त्या हवाल्याचें मोल अधिक. आपल्याकडे ग्रंथाचें प्रामाण्य टीकाकारांच्या परंपरेंत याच रीतीनें ठरत आलें आहे. त्याच सालीं त्यांनीं गूगल कंपनी काढली.

कसोटी आली कीं कॉपी करणारेहि आलेच. छत्तीस वर्षांच्या नोकरींत हें आम्हांस कोणीं शिकवावयास नको होतें. कोणी शब्दांचा भडिमार करूं लागले, कोणी पैसे देऊन हवाले विकत घेऊं लागले. कोणी पानाच्या मागें, वाचकास न दिसणाऱ्या जागीं, शब्दांच्या याद्या ठेवीत. त्या याद्या क्रम लावतांना आपण विचारांतच घेत नाहीं असें गूगलनें २००९ सालीं जाहीर करून टाकलें. २००६ सालीं बी. एम. डब्ल्यू. या मोटारकंपनीचें जर्मनींतील संकेतस्थळ गूगलनें कांहीं दिवस यादींतून काढूनच टाकलें होतें, कारण यंत्रास दाखवावयाचीं पानें एक आणि माणसांस दाखवावयाचीं दुसरीं असा तेथें प्रकार होता. २०११ सालीं पोकळ मजकुराचीं पानें खालीं ढकलणारा "पांडा" नांवाचा बदल आला, आणि २०१२ सालीं शब्दांचा भडिमार व विकतचे हवाले यांवर "पेंग्विन" आला. (यांपैकीं पांडा हें नांव प्राण्यावरून नव्हे, तर त्या कामांतील एका अभियंत्याच्या आडनांवावरून पडलेलें आहे.)

आमच्या गृहस्थांस या इतिहासाची दाद नसावी. त्यांनीं आमचा परशुराम काढून टाकला, याबद्दल आम्ही आतां त्यांचे आभारी आहों. परंतु त्याजागीं जें घातलें तें वाचून व्याकरण शिकविणाऱ्या माणसास घेरी यावी. "शुद्ध आगळ हवें असल्यास आमचें शुद्ध आगळ हेंच उत्तम शुद्ध आगळ" असा प्रकार. पुनरुक्ति हा काव्यांतला दोष. येथें ती विक्रीचा गुण ठरली होती. शिवाय पुणें, ठाणें, नाशिक, कोल्हापूर अशा बारा गांवांच्या नांवानें बारा पानें केलेलीं. सगळ्यांवर मजकूर एकच, गांवाचें नांव तेवढें बदललेलें. एके दिवशीं आमचा अंगठा पडद्यावर चुकून दाबला गेला, आणि पानाच्या तळाशीं कोऱ्या दिसणाऱ्या जागेंत एकाएकीं अक्षरें उमटलीं : पांढऱ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत शेंदीडशें शब्द लपविलेले होते. परीक्षेंत बाहीच्या आंत चिठ्ठी सांपडावी तसें आम्हांस झालें. आणि या सगळ्या भरतींतहि "यांत मीठ आहे" हें वाक्य नव्हतेंच. क्रमांक वर गेला नाहीं. दोन महिन्यांनीं गृहस्थांचा भ्रमणध्वनि लागेनासा झाला. पुरानंतर उभारलेल्या भांडवलांत आठ हजार म्हणजे एका मोसमाच्या रातांब्यांचे पैसे होते. तें दुःख भाचीनें बोलून दाखविलें नाहीं, आम्हांस मात्र तें अजून बोंचतें.

त्यांत आणखी दोन गोष्टी लक्षांत आल्या, त्या मराठींत लिहिणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. भाचीनें भावांची यादी सुंदर हस्ताक्षरांत लिहून तिचें छायाचित्र लाविलें होतें. आपल्या डोळ्यांस तीं अक्षरें. पण यंत्रापुढें तें चित्र, आणि चित्रांतलीं अक्षरें तें नीट वाचीलच असा भरंवसा नाहीं. तसेंच फणसपोळीचा मजकूर एका छापखान्यांत जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळवून घेतलेला होता. त्या टंकांत "फ" दिसतो खरा, पण त्याच्या पोटांत संगणकापुरतें निराळेंच चिन्ह असतें. त्यामुळें यंत्रास तो सारा अर्थहीन खिचडीसारखा दिसतो. युनिकोड या पद्धतींत १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीस स्वतःची जागा मिळाली आहे. त्या पद्धतीनें लिहिलेलें असेल तेंच अनुक्रमणींत मराठी म्हणून चढतें. कितीतरी संस्थांचे जुने मराठी अंक याच कारणानें असून नसल्यासारखे झाले आहेत.

नागपूरच्या पत्रानंतर आम्ही चिपळुणास गेलों. भाचीनें पावतीपुस्तकाच्या मागील कोऱ्या पानांवर कांहीं लिहून ठेवलेलें होतें. गिऱ्हाइकें दूरध्वनीवरून जें विचारीत तें ती जसेंच्या तसें टिपून ठेवी. "आगळ आणि कोकम सरबत एकच का ?" "सोलकढीला किती घालायचं ?" "फ्रिज नसला तर टिकेल का ?" "उपासाला चालतं का ?" असे कितीतरी. पुढें गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य साधनांत आम्हीं पाहिलें. लोक कोणते शब्द टाकतात तेव्हां आपलें पान त्यांच्या यादींत दिसतें, हें तेथें कळतें. तेथेंहि हेच प्रश्न. फक्त पुष्कळांनीं मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले. "रक्तवर्ण अमृतरस" असें आजपर्यंत एकाहि मनुष्यानें विचारलेलें नव्हतें.

ती वही वाचतांना आम्हांस आमच्याच विद्येची लाज वाटली. कोणताहि शास्त्रग्रंथ आरंभींच चार गोष्टी सांगतो : विषय काय, प्रयोजन काय, त्यांचा संबंध कसा, आणि अधिकारी कोण, म्हणजे हा ग्रंथ कोणासाठीं आहे. यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. आम्हीं हें पाठ केलेलें, आणि बाटलीभर आगळाविषयीं लिहितांना नेमका अधिकारी विसरलों. येथील अधिकारी म्हणजे पाट्यावरवंट्याचा अनुभव नसलेली, पण रविवारीं घरांत सोलकढी व्हावी अशी हौस असलेली मुंबईकर सून. तिला परशुराम कशास हवा?

मग पान नव्यानें लिहिलें. वर ठळक मथळा : "कोकम आगळ (खारट, बिनसाखरेचें)", आणि त्याखालीं तेंच नांव एकदांच रोमन अक्षरांत. पहिलें वाक्य : "पिकलेल्या रातांब्यांच्या सालींस मीठ लावून जो रस सुटतो तें आगळ, यांत साखर नसते, हें तयार सरबत नव्हे." मग सोलकढीचें प्रमाण : एका नारळाच्या दुधास चार चमचे आगळ, आधीं निम्मेंच घालावें, चव पाहावी, आणि वेगळें मीठ चवीशिवाय घालूं नये. मग टिकण्याविषयीं : मीठ पुरेसें असल्यानें फ्रिजबाहेर वर्षभर राहतें, मात्र ओला चमचा घालूं नये. भाव अक्षरांत लिहिले. छायाचित्रांस, तीं कशाचीं आहेत, हें यंत्रास कळेल अशा बेतानें शब्दांत जोडलें. बारा गांवांचीं बारा पानें काढून टाकलीं. साऱ्याचें मिळून दीडशें-दोनशें शब्द झाले. हे आणखी वाढवावेत कीं काय, अधिक शब्दांस अधिक गुण असतात कीं काय, अशी आम्हांस शंका होती. परंतु शब्दसंख्येचा ठराविक आंकडा गूगलनें कोठेंहि घालून दिलेला नाहीं असें वाचल्यावर आम्हीं लेखणी खालीं ठेविली.

मध्यंतरीं आमच्या नातवानें एक तोडगा सुचविला. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून कोकमावर पन्नास लेख एका दुपारीं लिहून घ्यावे, म्हणजे पान भरगच्च दिसेल. नमुन्याचा लेख त्यानें आणलाहि. भाषा आमच्याहून सफाईदार. पण त्यांत आगळानें मधुमेह बरा होतो असें बिनदिक्कत लिहिलेलें. भाची म्हणाली, "मामा, मी कोकम विकतें, औषध नाहीं. कोणाची आई ही ओळ वाचून गोळ्या सोडील, तर ?" लेख तेथेंच राहिला. क्रमांकाकरितां ढिगांनीं मजकूर रचणें, मग तो यंत्रानें रचो कीं माणसानें, गूगलनेंहि मार्च २०२४ पासून आपल्या नियमांत दोषास्पद ठरविलें आहे. परंतु भाचीच्या नकारास त्या नियमाची गरज नव्हती.

आतां परिणाम. नुसतें "कोकम" विचारलें तर आमचें पान आजहि फार खालीं असतें. मोठ्या दुकानांपुढें आमची काय मजल? परंतु आगळ व सरबत यांतील फरक कोणी विचारला, तर तें पहिल्या पांच-सहांत दिसतें. २०२४ पासून शोधाच्या पानावर यंत्रच उत्तराचा सारांश वर देऊं लागलें आहे. त्यामुळें कित्येक जण उत्तर वाचून परस्पर निघून जातात, आमच्या दारापर्यंत येतहि नाहींत. सोलकढी आमच्या मापानें होते, बाटली दुसऱ्याकडून जाते. याबद्दल आम्हीं थोडी कुरकूर केली, तर भाची म्हणाली कीं दुकानाच्या फळीवर बसून वाटसरूस रस्ता सांगतांना तिच्या सासऱ्यांनीं कधीं खरेदीची अट घातली नव्हती. दूरध्वनीवर "हें खारट कां ?" असें विचारणारे मात्र बंद झाले, आणि तेवढ्या वेळांत ती आणखी दोन किलो मेतकूट करते.

कुळथाच्या पिठाचें पान अद्याप लिहावयाचें आहे. वहीचीं पानें तिनें परवांच पाठविलीं. पहिलाच प्रश्न आहे, पिठल्यांत गुठळ्या कां होतात. आणि त्याचें उत्तर आम्हांस ठाऊक नसल्यानें आज दुपारीं जेवणानंतर सौभाग्यवतींसमोर पाटी घेऊन बसावें लागणार आहे.