शीतकपाटामागची पाटी

तुमच्या घरी शीतकपाट, म्हणजे आपण ज्याला सर्रास फ्रिज म्हणतो ते असेल, तर त्याच्या पाठीमागे किंवा आतल्या बाजूस चिकटवलेली लहानशी पाटी एकदा वाचून पहा. किती व्होल्ट, किती वॅट हे झाल्यावर एका ओळीत ‘आर-६००ए’ किंवा ‘आर-१३४ए’ असे काहीतरी लिहिलेले आढळेल आणि त्यापुढे वायूचे वजन ग्रॅममध्ये दिलेले असेल. हे आकडे कोणी ठरवले? सरकारने नव्हे आणि संयुक्त राष्ट्रसंघानेही नव्हे. ते अभियंत्यांच्या एका व्यावसायिक संस्थेच्या मानकातून आले आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली शाश्वत विकासाची १७ ध्येये जाहीर केली आणि ती २०३० पर्यंत गाठायची असे ठरले. निबंधात, वक्तृत्वस्पर्धेत तुम्ही ती ओळीने सांगताही. पण ध्येय जाहीर करणे निराळे आणि ते यंत्रात उतरवणे निराळे. यंत्रात कोणता वायू किती भरायचा, नळीचा जोड कसा असावा, खोलीत ताजी हवा किती यावी, हे राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेत ठरत नाही. ते ठरते अभियंत्यांच्या समित्यांत, बारीक अक्षरांतल्या कंटाळवाण्या कलमांत. ही कलमे लिहिणाऱ्यांकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे कौतुकही होत नाही आणि त्यांना जाबही विचारला जात नाही.

ज्या संस्थेविषयी मी लिहीत आहे तिचे नाव लांबलचक आहे: अमेरिकन सोसायटी ऑफ हीटिंग, रेफ्रिजरेटिंग अँड एअर-कंडिशनिंग इंजिनिअर्स. आद्याक्षरे जोडून तिला ‘ॲशरे’ म्हणतात. तिचे मूळ १८९४ सालचे. घरे उबदार ठेवणाऱ्या अभियंत्यांची एक संस्था आणि थंडावा निर्माण करणाऱ्यांची दुसरी, या दोन संस्था १९५९ साली एकत्र आल्या. आज तिचे सभासद जगभर पसरलेले आहेत. समित्यांवर काम करणाऱ्यांना त्याचा पगार मिळत नाही. मसुदा तयार झाला की तो सर्वांपुढे ठेवतात. आलेल्या हरकतींना समितीला उत्तर द्यावे लागते.

आता त्या आकड्यांची गंमत पाहू. ही पद्धत मुळात ड्यूपाँ या कंपनीची. कंपनीने ती इतरांना वापरू दिली आणि अभियंत्यांनी ती आपल्या ३४ क्रमांकाच्या मानकात घेतली. आर-१२ हा एके काळचा प्रसिद्ध शीतक घ्या. १२ मध्ये ९० मिळवा, १०२ आले. पहिला अंक कार्बनचे अणू, दुसरा हायड्रोजनचे, तिसरा फ्लोरिनचे. म्हणजे कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरिन दोन. कार्बनला चार हात असतात. दोन फ्लोरिनने धरले, उरलेले दोन क्लोरिनने. आता आर-१३४ए करून पहा: १३४ अधिक ९० म्हणजे २२४. कार्बन दोन, हायड्रोजन दोन, फ्लोरिन चार. दोन कार्बनना मिळून सहा मोकळे हात आणि ते सहाही भरले, क्लोरिनला जागाच नाही! आणि आर-२९०? ३८० येतात. कार्बन तीन, हायड्रोजन आठ, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन. सातशेच्या पुढील क्रमांकांची रीत आणखी सोपी: आर-७१७ म्हणजे रेणुभार १७ असलेला अमोनिया, आर-७४४ म्हणजे ४४ रेणुभाराचा कार्बन डायऑक्साइड. (पाटीवरच्या आर-६००एला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. सहाशेचे क्रमांक अनुक्रमाने दिलेले आहेत, तो आयसोब्युटेन.)

क्लोरिन आहे की नाही, यावर सारे नाट्य घडले. १९२०च्या दशकात शीतकपाटांत सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड, अमोनिया असे वायू असत. गळती झाली की माणसे दगावत. १९३० साली टॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने सभेत आर-१२ स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि तो फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर ४४ वर्षांनी, १९७४ साली, मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की हे वायू वर स्थितांबरात जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरिन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगापुढे आले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला.

करारावर सह्या झाल्या, पण चालू असलेल्या कोट्यवधी यंत्रांचे काय करायचे? येथे अभियंत्यांचे काम सुरू झाले. नव्या वायूंना क्रमांक देणे, विषारीपणासाठी ‘ए’ किंवा ‘बी’ आणि ज्वलनशीलतेसाठी १, २, ३ असे वर्ग पाडणे, दुरुस्ती करताना वायू हवेत न सोडता परत बाटलीत कसा भरावा याचे नियम लिहिणे, ही कामे त्यांनी केली. हे झाले नसते तर करार कागदावरच राहिला असता. पुढे कळले की क्लोरिन नसलेले वायूही निर्दोष नाहीत. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट उष्णता अडवतो. म्हणून २०१६ साली रवांडातील किगाली येथे दुसरा करार झाला. तो नीट पाळला तर या शतकाच्या अखेरीपर्यंत पृथ्वीची अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळेल, असा अंदाज आहे. भारताने तो २०२१ साली मान्य केला.

ही संस्था चुकतच नाही, असे मात्र समजू नका. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इमारतींतील ऊर्जेची उधळपट्टी थांबवण्यासाठी तिने १९७५ मध्ये ९० क्रमांकाचे मानक काढले. ते उत्तम काम होते. आपल्या देशाने २००७ मध्ये ऊर्जाबचतीची जी इमारतसंहिता केली, तिच्या मागेही हाच विचार आहे. पण त्याच भरात १९८१ साली प्रत्येक माणसामागे बाहेरून घ्यायच्या ताज्या हवेचे किमान प्रमाण मिनिटाला पाच घनफूट इतके खाली आणले गेले. वीज वाचली, पण बंद इमारतींतून डोकेदुखी, डोळे चुरचुरणे, गळून जाणे अशा तक्रारी वाढल्या. १९८९ मध्ये ते प्रमाण तिप्पट, म्हणजे १५ घनफूट करावे लागले. ऊर्जेचे ध्येय आरोग्याच्या ध्येयाला आडवे गेले होते. चूक सुधारली हे खरे, पण मधली आठ वर्षे त्या हवेत कोणी काढली? नियम लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारला पाहिजे.

दुसरी माझी तक्रार ज्वलनशील वायूंबाबतची. १९९३ पासून जर्मनीत हायड्रोकार्बनवर चालणारी शीतकपाटे विकली जाऊ लागली. अमेरिकेत मात्र घरगुती शीतकपाटात आयसोब्युटेन वापरण्याची परवानगी २०११ च्या अखेरीस मिळाली आणि तीही ५७ ग्रॅमपर्यंतच. आपण स्वयंपाकघरात १४.२ किलो गॅस ठेवून त्याशेजारी निवांत पोळ्या लाटतो! अर्थात ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. आपल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास लावलेला असतो, शीतकपाटातल्या वायूला तसा वास नसतो. सावधगिरी हवीच. परंतु अठरा वर्षांच्या सावधगिरीत निव्वळ सुरक्षिततेचा विचार किती आणि जुन्या सवयींचा किती, हे विचारायला हवे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे बनवली आणि २०१२ मध्ये ती बाजारात आणली. म्हणजे हे अशक्य नव्हते.

आता तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे जुने वातानुकूलन यंत्र बिघडले. मिस्त्री आला. त्याने गॅलरीत बसून पान्याने जोड सैल केला. ‘सूं’ असा आवाज झाला आणि थोड्याच वेळात थांबला. “गॅस होता, गेला,” तो सहज म्हणाला. वायू आर-२२ होता. तो किलोभर धरला, तरी त्याची उष्णता अडवण्याची शक्ती १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी होते. तेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला सुमारे ७८० लिटर पेट्रोल जाळावे लागेल. शिवाय आर-२२ मध्ये क्लोरिनही आहे. त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. वायू परत भरून घेण्याचे यंत्र त्याच्याजवळ नव्हते, ते कोणी त्याला दाखवलेही नव्हते, आणि मानकाची इंग्रजी कलमे त्याच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

भारत सरकारच्या २०१९ च्या शीतन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले होते. आपल्या देशातही १९८१ पासून अशाच अभियंत्यांची ‘इश्रे’ ही संस्था आहे. या संस्थांनी आपल्या समितीच्या टेबलाशी गॅलरीत बसून काम करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीला खुर्ची द्यावी असे मला वाटते. कोणता नियम पाळता येतो आणि कोणता येत नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. आणि नियमांची चार पानी मराठी पुस्तिका चित्रांसह छापायला काही फार खर्च येत नाही.

तुमच्यापैकी कोणी पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रशीतनाचा अभ्यासक्रम घेतील, कोणी अभियांत्रिकीला जातील. तोवर घरी मिस्त्री आला तर त्याच्याजवळ बसा आणि जुना वायू तो कशात भरून घेतो ते पहा. बाटली नसेल, तर पाटीवरचा क्रमांक वाचून त्यात ९० मिळवा आणि काय उडून गेले ते वहीत लिहून ठेवा.