काणींचं फळ, कंपनीचं औषध



नवं औषध शोधायचं म्हणजे कंपनीला पैसा लागतो आणि वर्षंही लागतात. शेकडो झाडं तपासावी तेव्हा एखाद्यात काही सापडतं. त्यापेक्षा ज्यांच्या आज्या-पणज्यांनी आधीच तपासून ठेवलंय त्यांना विचारलेलं स्वस्त. म्हणून हल्ली पाड्यावर वही घेऊन माणसं येतात. आपण चहा पाजतो, भगताकडे नेतो, झाड दाखवतो.

केरळात अगस्त्य डोंगरावर काणी आदिवासी राहतात. 1987 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची एक तुकडी तिथं हिंडत होती. साहेब लोक दमले, वाट दाखवणारे काणी मात्र ताजेतवाने. बघितलं तर ते अधूनमधून कसलंसं फळ खातायत. आधी नाव सांगेनात, कारण बाहेरच्याला सांगायचं नाही अशी त्यांची रीत. शेवटी सांगितलं, आरोग्यपच्चा.

तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याच्या पानात आणखी तीन वनस्पती घालून 'जीवनी' नावाचं औषध केलं. 1995 साली ते कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला 7 वर्षांसाठी दिलं. मोबदला 10 लाख रुपये, वर विक्रीवर 2 टक्के. त्यातलं अर्धं काणींना. त्यासाठी 1997 मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला आणि 1999 मध्ये पाच लाखांवर रक्कम हातात पडली.

वाटा दिला हे आम्ही नाकारत नाही. हळदीचं पेटंट अमेरिकेत काढलं तेव्हा कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. (ते 1997 मध्ये रद्द झालं, पण त्यासाठी भांडावं लागलं.)

पण विचारलं कोणाला? वाट दाखवणाऱ्या दोघा-तिघांना. विथुरा भागातल्या काणी वैदूंनी 1995 मध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हरकत घेतली. आमचं ज्ञान खाजगी कंपनीला विकू नका, असं त्यांचं म्हणणं.

आणि खरी गोम पुढे आहे. हे झाड जंगलाच्या सावलीतच नीट वाढतं, बाहेर लावलं तर गुण उतरतो. काणींनी ते लावायला घेतलं, तर फॉरेस्टवाले आडवे आले. जंगल खात्याचं, पानं खात्याची! काणींच्या डोक्यातलं कंपनीपर्यंत पोचलं, पण त्यांच्या पायाखालची जमीन काही तेव्हा त्यांच्या नावावर नव्हती. आपल्या प्लॉटांचं रडगाणं याहून वेगळं आहे का?

पुढच्या बैठकीला येताना एवढं करा. गेल्या दोन वर्षांत तुमच्या पाड्यावर झाडपाला विचारायला कोण आलं, काय नेलं, कागदावर कोणाचा अंगठा घेतला, ते लिहून आणा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. भगतांना आणि सुईणींनाही बैठकीला घेऊन या.