विश्लेषण : फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतील कच्च्या वाटांवर सायकलस्वारांची पसंती का? या वाटा टिकणार का?

टूर द फ्रान्स ही सहसा डांबरी रस्त्यांवरची शर्यत. मात्र ७ जुलै २०२४ रोजी शॅम्पेन प्रांतातील त्रुआ शहराभोवतीच्या १९९ किलोमीटरच्या टप्प्यात १४ ठिकाणी मिळून ३२ किलोमीटर कच्चा, पांढऱ्या चुनखडीचा रस्ता होता. धुळीचे लोट अंगावर घेत फ्रान्सच्या आन्तोनी तुर्जिसने हा टप्पा जिंकला. द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या अशा वाटा आता हौशी सायकलस्वारांनाही खुणावत आहेत. पण ज्या बागांमुळे या वाटा अस्तित्वात आल्या, त्याच बागांवर फ्रान्समध्ये सध्या कुऱ्हाड चालते आहे.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. दिसायला ही सायकल शर्यतीच्या सायकलसारखीच असते. हँडलही तसेच खाली वळलेले. फरक टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलचे टायर साधारण २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतात, ग्रॅव्हलचे ४० ते ४५. हवाही निम्म्याच्या आसपास, म्हणजे ३० ते ४० पीएसआय भरली जाते. टायर जितका टणक तितका वेग जास्त, हा समज खडीवर खोटा ठरतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, त्या धक्क्यांत स्वाराची ताकद वाया जाते. मऊ टायर खड्याला आपल्यात सामावून घेतो आणि सायकल पुढे सरकते. जोडीला डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि आत ट्यूब नसलेले टायर असतात. हा प्रकार अमेरिकेत रुजला. कॅन्सस राज्यात २००६ मध्ये सुरू झालेली शर्यत, आजची ‘अनबाउंड ग्रॅव्हल’, ही त्यातली सर्वांत नावाजलेली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा इटलीत घेतली आणि महिला गटात फ्रान्सची पोलिन फेरां-प्रेव्हो जिंकली.

फ्रान्समध्ये या वाटा आल्या कुठून?

त्या सायकलसाठी बांधलेल्या नाहीत. पहिला प्रकार शेतातल्या वाटांचा. द्राक्षवेलींच्या ओळींत ट्रॅक्टर नेण्यासाठी, काढणीनंतर माल बाहेर आणण्यासाठी केलेले हे रस्ते आपल्याकडच्या पाणंदीसारखेच. दुसरा प्रकार कालव्याकाठच्या वाटांचा. तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या खाजणापर्यंत जाणारा २४० किलोमीटरचा ‘कनाल द्यु मिदी’ १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. होड्या ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, तिथून आता सायकली जातात. तिसरा प्रकार बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा. बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी हा मार्ग १९९७ मध्ये रूळ काढून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला झाला.

या सगळ्याला जोडणारा धागा नद्यांचा आहे. लुआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा आखीव सायकलमार्ग आहे. ऱ्होन नदीच्या काठाने जिनिव्हा सरोवरापासून समुद्रापर्यंत ८१५ किलोमीटरचा दुसरा मार्ग जातो. नदीकाठी चढ कमी, दर काही किलोमीटरवर गाव आणि बाजूच्या उतारावर द्राक्षबागा. त्यामुळे मुख्य मार्ग सोडून अर्ध्या तासात खडीच्या वाटेला लागता येते.

शर्यतींनी काय बदलले?

लुआरच्या खोऱ्यात संपणारी पॅरिस–तूर ही शर्यत १८९६ पासूनची. सपाट मार्ग आणि शेवटी घोळक्यातून होणारी धाव, अशी तिची ख्याती होती. २०१८ मध्ये आयोजकांनी शेवटच्या भागात व्हूव्रे परिसरातील द्राक्षमळ्यांच्या कच्च्या वाटा घातल्या. पंक्चर झाली, काही संघांनी नाराजीही व्यक्त केली. पण त्या वाटा शर्यतीची ओळख बनल्या. दक्षिणेत तार्न नदीकाठच्या मियो शहराजवळील ग्रॅव्हल शर्यत महासंघाच्या जागतिक मालिकेत दाखल झाली. ट्रॅक्टरची वाट प्रेक्षणीय असते, हे टीव्हीवरून घरोघरी पोहोचले.

मग बागांवर कुऱ्हाड का?

कारण फ्रेंच माणूस वाइन कमी पितो. १९६०च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला १२० लिटरहून अधिक वाइन प्यायली जात होती. आता हे प्रमाण जवळपास एक तृतीयांशावर आले आहे. घसरण सर्वाधिक आहे ती तांबड्या वाइनची, त्यामुळे बोर्डो आणि दक्षिणेकडील लांगदॉक या भागांना मोठा फटका बसला. त्यात दुष्काळ, उष्णतेच्या लाटा आणि अमेरिकेच्या आयातशुल्काची भर पडली. सरकार आता वेली कायमच्या उपटण्यासाठी पैसे देते. २०२४-२५ मधील योजनेत हेक्टरी ४ हजार युरो देऊ केले गेले आणि सुमारे २७ हजार हेक्टरसाठी अर्ज आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी १३ कोटी युरोंची योजना जाहीर झाली.

बाग गेली की वाटेचे काय होते?

शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येणे थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत झुडपे वाट गिळतात. नुकसान केवळ सायकलस्वारांचे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ओद जिल्ह्यातील कोर्बिएर भागात लागलेल्या वणव्यात सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. नांगरलेली, हिरवी बाग आगीला अडवते; उपटलेल्या बागेच्या जागी वाढलेले गवत तिला पुढे नेते, याकडे स्थानिक द्राक्ष उत्पादकांनी बोट दाखवले. अग्निशमन दलाच्या गाड्यांनाही आत शिरायला मोकळी वाट लागतेच.

या वाटा कोणाच्या मालकीच्या?

इथे खरी मेख आहे. फ्रेंच कायद्यात शेतवाटांचे मुख्यतः दोन प्रकार. ‘ग्रामीण वाट’ गावपालिकेच्या मालकीची आणि सर्वांना खुली असते. तिची देखभाल मात्र गावपालिकेच्या सक्तीच्या खर्चात मोडत नाही. ‘वहिवाटीची वाट’ लगतच्या शेतमालकांची असते आणि ते ती इतरांना बंद करू शकतात. फेब्रुवारी २०२३ मधील कायद्यानुसार, खासगी असल्याची खूण असलेल्या ग्रामीण जागेत परवानगीशिवाय शिरल्यास १३५ युरो दंड होऊ शकतो. मोबाइल ॲपवर रेषा दिसते म्हणून वाट सार्वजनिक ठरत नाही.

दुसरी बाजूही महत्त्वाची. ग्रामीण वाट लोकांच्या वापरातून गेली, तर जाहीर सुनावणी घेऊन गावपालिका ती विकू शकते. उलट लोकांची नियमित ये-जा असेल तर वाट सार्वजनिक वापराची असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणजे ट्रॅक्टर थांबल्यानंतरही सायकली जात राहिल्या, तर त्या वाटेला कायद्याचा आधार उरतो. खडीच्या वाटेवरून जाणारा सायकलस्वार नकळत तिचा राखणदारही असतो.

सायकलस्वारांचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो का?

थोडा पोहोचतो, पण आपोआप नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधील वाइन पर्यटकांची संख्या १ कोटी २० लाखांच्या घरात होती. मोटारीने आलेला पर्यटक डिकीत सहा बाटल्यांची पेटी टाकतो. सायकलस्वार पिशवीत एखादी नेतो. रक्तातील मद्याची मर्यादा, लिटरमागे ०.५ ग्रॅम, सायकलस्वारांनाही लागू आहे. त्यामुळे कमाई होते ती मुक्काम, जेवण आणि घरपोच पाठवलेल्या वाइनमधून. सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत, सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीचे साहित्य देणाऱ्या निवासांना ‘आक्युई व्हेलो’ हे राष्ट्रीय मानचिन्ह मिळते. ज्या उत्पादकाकडे दोन खोल्या आहेत त्याला याचा फायदा; ज्याची द्राक्षे थेट सहकारी वायनरीत जातात, त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पण वाट दोघांच्याही शेतातून जाते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

नाशिक-सांगलीचा प्रत्येक द्राक्ष बागायतदार ‘बोर्डो’ फवारतो. त्याचा जन्म अशाच वाटेच्या कडेला झाला. बोर्डोजवळच्या मेदॉक भागात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे मिश्रण शिंपडत. नेमक्या त्याच वेली डाऊनी रोगातून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांना दिसले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगासमोर मांडला.

आपल्याकडे पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहेत. त्यांचा हेतू शेतमाल बाहेर काढणे हा आहे आणि तोच असायला हवा. फ्रान्सचा अनुभव सांगतो की, शेती टिकली तर वाट टिकते आणि वाट टिकली तर पर्यटक येतो. हा क्रम उलटा लावता येत नाही. शेती मागे हटलेल्या ठिकाणी सायकली वाट मोकळी ठेवू शकतील; पण वेली जगवण्यासाठी द्राक्षाला भाव मिळावाच लागेल.