तुपातील विष

घरचे तूप ही शुद्धतेची खूण, अशी आपली श्रद्धा. त्याच तुपात भांग-गांजा उतरविण्याच्या हौसेस 'विजया आयुर्वेदात आहेच' हे समर्थन मिळते. परंतु वैद्य मात्रा ठरवितो. हौशी गृहस्थ चमच्याने मोजतो. हे मादक द्रव्य स्निग्धात विरघळते. पोटातून त्याचा अंमल अर्ध्या ते दोन तासांनी चढतो, आणि तोवर अधीर माणूस दुसरा चमचा घेतो. १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा ठरविले. निव्वळ पाने त्यातून सुटली, तरी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा त्यांनाही आवरतो. कायदा क्षणभर बाजूस ठेवू. पोळीवर तूप मागणाऱ्या बालकास फडताळातील दोन बरण्यांमधील भेद कळत नाही. एवढा एक विचार सुज्ञांस पुरेसा नाही काय?